व्यवसाय-प्रोफाइल पोस्टचे नियोजन (बेळगाव सीमाभाग)

गुगल शोधात व नकाशावर दुकान, दवाखाना किंवा कारखान्याची जी माहितीचौकट दिसते, तिच्यात वेळोवेळी टाकायचा छोटा मजकूर, छायाचित्र व बटण आगाऊ ठरवणे, मालकाकडून मंजूर करून घेणे आणि नेमलेल्या दिवशी, नेमलेल्या वेळी लावणे या कामाला पोस्टचे नियोजन म्हणतात. व्यवहारात त्याला नुसते ‘शेड्यूलिंग’ म्हणतात. दुकानदार ते स्वतः करतो किंवा महिन्याच्या मोबदल्यावर एजन्सीकडे सोपवतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमापट्ट्यात गिऱ्हाईक मराठी व कन्नड असे दुभाषिक आहे आणि सणवारही दोन्हीकडचे पाळले जातात. त्यामुळे पुण्या-मुंबईत तयार झालेले मासिक वेळापत्रक येथे जसेच्या तसे चालत नाही.

इतिहास : व्यावसायिकाला स्वतःची नोंद हाताळता यावी यासाठी गुगलने २००५ मध्ये ‘लोकल बिझनेस सेंटर’ सुरू केले. २०१० मध्ये त्याचे ‘प्लेसेस’, २०१४ मध्ये ‘माय बिझनेस’ आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘बिझनेस प्रोफाइल’ झाले. पोस्टचा आरंभ कोठून धरावा याविषयी मात्र मतभेद आहेत. एक मत २०११ च्या अखेरीस आलेल्या गुगल प्लसच्या व्यवसायपानांपर्यंत मागे जाते, कारण तेथेही दुकानाच्या नावे मजकूर टाकता येत असे. पण ते पान म्हणजे समाजमाध्यम होते. अनुयायी असल्याखेरीज मजकूर कोणाच्या फारसा नजरेस पडत नसे आणि एप्रिल २०१९ मध्ये सर्वसामान्यांसाठीचे गुगल प्लसच बंद झाले. दुसरे मत जानेवारी २०१६ चा दाखला देते. त्या वेळी अमेरिकी अध्यक्षपदाच्या इच्छुक उमेदवारांना शोधाच्या पानावर थेट आपले म्हणणे मांडण्याची सोय देण्यात आली आणि पुढे थोड्या व्यावसायिकांवर तिची चाचणी झाली. तिसरे मत जून २०१७ हा आरंभ मानते, कारण तेव्हा ही सोय ‘माय बिझनेस’च्या खातेदारांना सरसकट खुली झाली. आजची पोस्ट रचनेने २०१६ च्या प्रयोगाची वारस दिसते. मात्र दुकानदारीतील प्रथा म्हणून २०१७ हेच वर्ष धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

या इतिहासातील एक तपशील आजही कामाची लय ठरवतो. सुरुवातीच्या काळात साधी पोस्ट सात दिवसांनी चौकटीतून मागे पडत असे. ‘आठवड्याला एक पोस्ट’ हा एजन्सींचा ठोकताळा त्यातूनच रुळला. पुढे, बहुधा २०२१ च्या सुमारास, ही मुदत सहा महिन्यांपर्यंत वाढली. तरीही दरपत्रकात महिन्याला चार पोस्ट हा आकडा टिकून आहे. त्यामागे आता तांत्रिक कारण उरलेले नाही, सवय तेवढी उरली आहे.

रचना : पोस्टचे प्रचलित प्रकार तीन आहेत : साधी बातमी, सवलत आणि कार्यक्रम. सवलत व कार्यक्रम यांना आरंभ व समाप्तीची तारीख द्यावीच लागते आणि समाप्तीनंतर ती पोस्ट मागे जाते. मजकुराची मर्यादा १,५०० वर्णांची आहे. देवनागरीत ती भासते त्याहून आखूड असते, कारण युनिकोडमध्ये (संगणकाच्या अक्षर-संकेतपद्धतीत) मात्रा व हलन्तचिन्ह हे स्वतंत्र संकेत आहेत. ‘चित्ररथ’ हा शब्द हाताने मोजला तर चार अक्षरांचा, पण संकेतांच्या हिशेबाने सात वर्णांचा भरतो. प्रत्यक्षात इतका लांब मजकूर कोणी लिहीत नाही. मोबाइलवर पहिल्या दोन ओळीच उघड दिसतात, तेव्हा वस्तू, भाव आणि मुदत तेवढ्यात बसवावी लागते. दूरध्वनी क्रमांक मजकुरात घातला तर पोस्ट नाकारली जाण्याचा संभव असतो, म्हणून ‘कॉल करा’ हे बटण वापरतात. छायाचित्र आडवे, चारास तीन या प्रमाणात ठेवणे श्रेयस्कर. उभे जाहिरातपत्रक तसेच चढवल्यास वरची दुकानाची पट्टी आणि खालचा पत्ता नेमका छाटला जातो.

नियोजनाची सोय प्रोफाइलच्या मूळ पानावर बराच काळ नव्हती. त्यामुळे एजन्सी त्रयस्थ साधने वापरत आल्या आणि ती सवय अजून मोडलेली नाही. या साधनांत घड्याळाचा घोळ वारंवार होतो. खात्याचा कालविभाग भारतीय न ठेवता जागतिक प्रमाणवेळेवर राहिला, तर सकाळी नऊसाठी लावलेली पोस्ट दुपारी अडीचला प्रसिद्ध होते. कपड्याच्या दुकानाला त्याने फरक पडत नाही. न्याहारीच्या खानावळीला मात्र ती पोस्ट निरुपयोगी ठरते.

क्रमवारीवरील परिणाम : पोस्ट टाकल्याने दुकान नकाशाच्या यादीत वर चढते का, हा या विषयातील सर्वांत ताणलेला वाद आहे. गुगल स्थानिक क्रमवारीचे तीन आधार सांगते : शोधाशी असलेला मेळ, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि व्यवसायाची ख्याती. पोस्टचा त्यात वेगळा उल्लेख नाही. पोस्टमुळे ‘प्रोफाइल जिवंत दिसते’ आणि म्हणून क्रम सुधारतो, असे सेवा विकणारे सांगतात. चाचण्या घेणाऱ्या अभ्यासकांचा कल मात्र थेट परिणाम नाही असे मानण्याकडे आहे. दोन्ही बाजूंना मान्य असलेली गोष्ट मर्यादित, तरी उपयोगाची आहे. शोधलेले शब्द पोस्टमध्ये असतील तर यादीत दुकानाच्या नावाखाली पोस्टमधली ती ओळ काही वेळा दाखवली जाते. ‘इरकल साडी’ शोधणाऱ्याला बेळगावच्या शहापूर भागातल्या दुकानाखाली ‘इरकल साड्यांचा नवा माल आला’ ही ओळ दिसली, तर तो तिकडे वळण्याची शक्यता वाढते. तेव्हा पोस्ट यादीतील स्थान हलवण्यापेक्षा यादीपर्यंत पोचलेल्या गिऱ्हाइकाला दारात आणते, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. क्रमवारीची हमी देऊन पोस्ट विकणे हा धंद्यातला अतिरेक होय.

सीमाभागातील दिनदर्शिका : येथील नियोजनाचा खरा पेच तारखांचा आहे आणि शिवजयंती हे त्याचे ठळक उदाहरण. शिवजन्माच्या दोन तिथी इतिहासकारांत चर्चेत राहिल्या : वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ आणि फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. दुसरी तिथी म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. महाराष्ट्र शासन १९ फेब्रुवारीला जयंती साजरी करते आणि मराठी व्यवसायांसाठीच्या तयार वेळापत्रकांत तीच तारीख असते. बेळगावात मात्र सार्वजनिक उत्सव परंपरेने वैशाखात होतो आणि मागोमाग चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. द्वितीयेच्या दुसऱ्या दिवशी, वैशाख शुद्ध तृतीयेला, अक्षय्य तृतीया आणि बसवजयंती एकत्र येतात (२०२५ मध्ये हा दिवस ३० एप्रिल होता). सराफ, साडी, वाहन आणि मिठाई या चारही धंद्यांची पोस्ट त्या दोन-तीन दिवसांत दाटते. केवळ १९ फेब्रुवारीच्या शुभेच्छा लावून वैशाख मोकळा सोडणाऱ्या वेळापत्रकाकडे पाहिले की ते बाहेर तयार झाले हे बेळगावकराला लगेच कळते.

शहापूरच्या खडेबाजारातील एखाद्या साडीच्या दुकानाचा त्या पंधरवड्याचा तक्ता साधारण असा असतो. तिथीच्या दहा दिवस आधी नव्या मालाची साधी पोस्ट, कापडाचे पोत दिसेल असा एकच फोटो, मजकूर वर मराठी व खाली कन्नड. पाच दिवस आधी सवलतीची पोस्ट, समाप्ती तृतीयेच्या रात्री. मिरवणुकीच्या दिवशी पोस्ट नाही. त्याऐवजी ‘विशेष वेळ’ या रकान्यात दुकान लवकर बंद होण्याची वेळ, कारण मार्गावरच्या गल्ल्यांत संध्याकाळनंतर गाडी शिरत नाही. तक्त्याचा शेवटचा रकाना मंजुरीचा. ती बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवर, दुकानाचे शटर ओढल्यानंतर येते आणि एका ‘ओके’वर भागते. कन्नड मजकूर मात्र मालकाखेरीज आणखी एकाला वाचून दाखवण्याचा शिरस्ता चांगला. यंत्राने भाषांतरित केलेली कन्नड ओळ गिऱ्हाईक लगेच ओळखते.

बैलांच्या सणाचेही असेच आहे. कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठी पौर्णिमेच्या सुमारास, महाराष्ट्रीय बेंदूर आषाढात, तर पोळा श्रावण अमावास्येला. शेती अवजारे, पेंड व झुली विकणाऱ्याने आपले गिऱ्हाईक कर्नाटकातल्या चिकोडीकडचे की महाराष्ट्रातल्या चंदगडकडचे हे पाहूनच तारीख लावावी. सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावरील पौर्णिमांच्या यात्रा आणि माघातील चिंचलीची मायाक्का यात्रा यांना महाराष्ट्रातून मोठी गर्दी जाते. वाटेवरच्या खानावळी व लॉजसाठी त्या कार्यक्रम-प्रकारात लावणे सोयीचे.

१ नोव्हेंबर हा दिवस वेगळा हाताळावा लागतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेचा हा दिवस कर्नाटक शासन राज्योत्सव म्हणून साजरा करते, तर महाराष्ट्र एकीकरण समिती काळा दिवस पाळते. शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले तेही १ नोव्हेंबर २०१४ रोजी. तयार वेळापत्रकातून आपोआप सुटलेली शुभेच्छा त्या दिवशी एका बाजूच्या गिऱ्हाइकाला टोचतेच, म्हणून जाणते नियोजक ती जागा रिकामी ठेवतात. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरते तेव्हा हॉटेलांच्या खोल्या तशाही भरलेल्या असतात. सवलतीची पोस्ट त्या आठवड्यांत लावणे व्यर्थ. डिसेंबर २०२२ मध्ये आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सीमा व भाषावादाच्या तणावामुळे दोन्ही राज्यांच्या बसफेऱ्या काही काळ विस्कळित झाल्या. अशा वेळी कोल्हापूर, गडहिंग्लजच्या गिऱ्हाइकांसाठी लावलेल्या पोस्ट थांबवता आल्या पाहिजेत. महिन्याचे काम एकदम लावून मोकळे होणाऱ्यांची येथेच अडचण होते.

नाव आणि निर्बंध : प्रोफाइलवरील नाव दुकानाच्या पाटीवरील नावाशी जुळावे, त्यात ‘स्वस्त’, ‘नंबर वन’ अशी भर नसावी, असा गुगलचा नियम आहे. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक पाट्यांवर ६० टक्के कन्नड आवश्यक आहे. ही तरतूद पाट्यांविषयीची आहे. पोस्टची भाषा दुकानदार आपल्या गिऱ्हाइकाप्रमाणे ठेवतो.

निपाणीची बाजारपेठ तंबाखूची. तंबाखू, मद्य यांसारख्या नियंत्रित मालाला प्राधान्य देणारा मजकूर गुगलच्या धोरणात बसत नाही. त्यामुळे तेथील वखारीचे प्रोफाइल असू शकते, पण मालाची पोस्ट बहुधा नाकारली जाते. सुट्टीचे दिवस, कार्यालयाची वेळ आणि पत्ताबदल एवढेच तेथे उरते. बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्री व यंत्रभागांच्या कारखान्यांचे ग्राहक नकाशा पाहून येत नाहीत. त्यांना तिमाहीला एखादी पोस्ट पुरते, तीही भरतीची. कुंदा या बेळगावी मिठाईची दुकाने याच्या उलट टोकाला. त्यांचे बरेच गिऱ्हाईक परगावचे व वाटेवरचे असते. ‘रेल्वे स्टेशनजवळ’, ‘सकाळी आठपासून सुरू’ अशा ओळी त्यांना सणाच्या शुभेच्छांपेक्षा अधिक गिऱ्हाईक देतात.

बीदर जिल्ह्यात भालकी, औराद, बसवकल्याण येथे मराठी व कन्नडबरोबर उर्दू गिऱ्हाईकही असते. तेथे लिप्या वाढवण्याऐवजी मजकूर आखूड व छायाचित्र बोलके ठेवणे सोयीचे. कारवारकडे कोकणी गिऱ्हाइकासाठी देवनागरी पोस्ट चालते.