ब्लूटूथवरून ऑफलाइन मेसेज

नेट बंद, सिमकार्डला रेंज नाही, वायफाय पण नाही, तरी एका फोनवर लिहिलेला मेसेज शेजारच्या फोनवर जातो आणि तिथून पुढे तिसऱ्या-चौथ्या फोनवर पोचतो, या पद्धतीला ब्लूटूथवरचं ऑफलाइन मेसेजिंग म्हणतात. मधे टॉवर नाही, सर्व्हर नाही, कुठल्या कंपनीचं अकाउंट लागत नाही. फोनमधलाच छोटा रेडिओ २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो आणि त्या पट्ट्याला लायसन लागत नाही, म्हणून टॉवर बंद पडला किंवा पाडला तरी हे चालू राहतं.

फोनवरून फोनवर ब्लूटूथने काहीतरी पाठवणं आपल्याकडे नवीन नाही. व्हॉट्सअ‍ॅप घरोघरी यायच्या आधी रिंगटोन, वॉलपेपर, गाणी सगळं असंच फिरायचं, "ब्लूटूथ ऑन कर, पाठवतो" हे कॉलेजच्या कट्ट्यावर रोजचं वाक्य होतं. पण त्यात एक देणारा, एक घेणारा आणि दोघांनी बटण दाबायचं, फाइल पोचली की काम संपलं. आत्ता ज्याबद्दल बोलतोय त्यात अ‍ॅप स्वतःच आसपासचे फोन शोधतं, मेसेज आपणहून पुढे ढकलतं आणि मधल्या माणसाला त्याच्या फोनमधून कुणाचा मेसेज गेला हे कळत पण नाही.

हे शक्य झालं ते ब्लूटूथ ४.० मुळे. २०१० च्या त्या आवृत्तीत ब्लूटूथ लो एनर्जी आलं, म्हणजे बॅटरी फार न खाता फोन सतत "मी इथे आहे" अशी हाक देऊ शकतो. ही हाक अगदी लहान असते, जुन्या पद्धतीत एका पॅकेटमध्ये ३१ बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युनिकोडच्या नेहमीच्या युटीएफ-८ पद्धतीत ३ बाइट घेतं, काना, मात्रा, हलंत सगळं वेगळं मोजून, त्यामुळे नुसता "नमस्कार" २१ बाइटचा होतो. मग मेसेज हाकेतून जात नाही, हाक फक्त ओळख पटवायला वापरतात आणि त्यानंतर दोन फोन रीतसर कनेक्ट होऊन मेसेजचे तुकडे करून पाठवतात, पलीकडचा फोन ते जोडतो. प्रत्येक मेसेजला एक ओळख क्रमांक असतो, तोच मेसेज दुसऱ्या वाटेने परत आला तर फोन तो पुढे पाठवत नाही, आणि सोबत एक आकडा असतो जो प्रत्येक उडीला एकाने कमी होतो, शून्य झाला की मेसेज थांबतो. नाहीतर गर्दीत एकच मेसेज गोल गोल फिरत राहील.

यात दोन वेगळे प्रकार आहेत आणि लोक ते सर्रास एकत्र करतात.

पहिला प्रकार गर्दीचा, त्याला मेश म्हणतात. शंभर माणसं जवळ जवळ उभी आहेत, सगळ्यांकडे एकच अ‍ॅप आहे, मेसेज लगेच उड्या मारत जातो. बातम्यांमध्ये हाच येतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या ओपन गार्डन कंपनीचं फायरचॅट मार्च २०१४ मध्ये आलं, त्याच वर्षी तैवानमधल्या विद्यार्थ्यांच्या आंदोलनात आणि सप्टेंबरपासून हाँगकाँगच्या छत्री आंदोलनात ते पसरलं, कारण नेट बंद करतील अशी भीती होती आणि एवढ्या गर्दीत नेटवर्क तसंही जाम होत होतं. तेव्हा फायरचॅटमधलं सगळं बोलणं उघडं होतं, कुणीही वाचू शकत होतं, खाजगी मेसेज पुढच्या वर्षी आले. २०१९ मध्ये हाँगकाँगमध्ये परत आंदोलन पेटलं तेव्हा मेक्सिकोच्या ब्रिजफायची पाळी होती, त्या डिसेंबरात नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या आंदोलनात नेट बंद झालं तेव्हा आपल्या देशात पण लोकांनी ते उतरवून घेतलं, आणि १ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतल्यावर काही तासांत सहा लाखांवर डाऊनलोड झाल्याचं कंपनीने सांगितलं.

पण ब्रिजफायची गोष्ट इथे संपत नाही आणि हा भाग सगळ्यात जास्त लक्षात ठेवायचा. ऑगस्ट २०२० मध्ये लंडनच्या रॉयल हॉलोवे विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की ब्रिजफायमधले मेसेज वाचता येतात, दुसऱ्याच्या नावाने पाठवता येतात, कोण कुणाशी बोलतं ते काढता येतं, आणि खास तयार केलेला एकच मेसेज सोडून अख्खं जाळं बंद पाडता येतं. म्हणजे ज्यांनी जीव मुठीत धरून ते वापरलं त्यांना वाटत होतं आपण लपलोय, आणि ते लपलेले नव्हते. कंपनीने त्या वर्षाअखेर सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपची एन्क्रिप्शन पद्धत, म्हणजे मेसेज कुलूपबंद करायची पद्धत आणली, पण २०२२ मध्ये संशोधकांना परत चुका सापडल्या. जुलै २०२५ मध्ये ट्विटरच्या संस्थापकांपैकी एक जॅक डॉर्सी यांनी बिटचॅट आणलं, अकाउंट नाही, फोन नंबर नाही, ७ उड्यांपर्यंत मेसेज जातो, आणि सप्टेंबरमध्ये नेपाळ सरकारने २६ सोशल मीडिया साइट्स बंद केल्यावर तिथे त्याचे डाऊनलोड एकदम वाढले. त्याचीही सुरक्षा तपासणी झालेली नाही असा इशारा सुरुवातीला त्याच्याच पानावर लावावा लागला होता. नवीन अ‍ॅप आलं की आंदोलक आधी त्याच्याकडे धावतात आणि तपासणारे मागून येतात, हा क्रम माझ्या मते फार धोकादायक आहे.

मेशची दुसरी मर्यादा साध्या गणिताची. भिंती, गाड्या आणि माणसांची अंगं मधे आली की फोन ते फोन २०-३० मीटर धरा, मोकळ्यावर जास्त, पण माणसाच्या अंगातलं पाणी २.४ गिगाहर्ट्झची लहर शोषतं म्हणून दाट गर्दीत उलट कमी. ७ उड्या म्हणजे दोनशे मीटरच्या आसपास. मैदानात ठीक आहे, पण दोन वाड्यांमध्ये किलोमीटरभर रान असेल तर मेश काही कामाचं नाही.

तिथे दुसरा प्रकार लागतो, साठवून नेण्याचा. मेसेज फोनमध्ये पडून राहतो, माणूस चालत किंवा गाडीने दुसरीकडे जातो, तिथे ओळखीचा फोन भेटला की दोन्ही फोन आपापसात हिशेब करतात, तुझ्याकडे काय नवीन, माझ्याकडे काय नवीन, आणि जे कमी आहे ते घेतात. गावाकडे एसटीच्या कंडक्टरकडे निरोप द्यायचो तसंच. याचं सगळ्यात विचारपूर्वक केलेलं उदाहरण म्हणजे सिक्युअर स्कटलबट, न्यूझीलंडच्या डॉमिनिक टार यांनी २०१४ च्या सुमारास सुरू केलेलं, ते बोटीवर राहायचे आणि नेट कधी असायचं कधी नसायचं. यात प्रत्येकाची एक वही असते, लिहिलेली प्रत्येक नोंद त्याच्या डिजिटल सहीची आणि आधीच्या नोंदीला साखळीने जोडलेली, त्यामुळे मधल्या माणसाने एक अक्षर बदललं तरी कळतं. माझ्या मित्राच्या मित्राची वही पण माझ्या फोनवर येते, म्हणून तो स्वतः न भेटताही त्याचं लिहिलेलं मला वाचायला मिळतं, लाइक, उत्तरं, फोटो सगळं. मेनीव्हर्स नावाच्या अ‍ॅपने हे अँड्रॉइड फोनवर आणलं आणि त्यात ब्लूटूथने वह्या जुळवायची सोय होती. तोटा असा की वहीतून पान फाडता येत नाही, एकदा लिहिलेलं दुसऱ्यांच्या फोनवर गेलं की खरं पुसणं अवघड.

या दुसऱ्या प्रकाराला बातम्यांत जागा मिळत नाही पण महाराष्ट्राला तोच जास्त लागू पडतो असं मला ठामपणे वाटतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं तेव्हा रायगड आणि दापोली-मंडणगड भागात लाइट गेली, टॉवर गेले, कित्येक गावांचा दिवसचे दिवस संपर्क नव्हता आणि मुंबई-पुण्यातल्या लोकांना घरी कसं आहे तेच कळेना. जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात पण फोन लागत नव्हते. अशा वेळी तालुक्याला जाणाऱ्या एका मोटरसायकलवाल्याच्या फोनमध्ये पन्नास घरांचे "आम्ही ठीक आहोत" बसू शकतात आणि रेंज लागली की पुढे जाऊ शकतात. अर्थात फोन चार्ज हवा आणि सतत शोध घेत राहिलेलं ब्लूटूथ बॅटरी खातंच, म्हणून पॉवर बँक किंवा छोटं सोलर पॅनेल याच्यासोबतच धरायला पाहिजे.

कायद्याच्या बाजूने आपल्याकडे चित्र सरळ नाही. नेट बंदीचे आदेश टेलिकॉम सेवांसाठी असतात, ब्लूटूथ त्यात येत नाही, पण मे २०२३ मध्ये केंद्राने जम्मू-काश्मीरचं कारण देऊन १४ मेसेजिंग अ‍ॅप ब्लॉक केली त्यात ब्रायर पण होतं. ब्रायर हे अँड्रॉइडवरचं अ‍ॅप, २०१८ पासून स्थिर आवृत्तीत, नेट असेल तर टॉरवरून (कोण कुणाशी बोलतंय ते लपवणारं जाळं) आणि नसेल तर ब्लूटूथ किंवा वायफायवरून बोलतं, आणि माझ्या पाहण्यात सुरक्षेचा सगळ्यात नीट विचार त्यातच केलाय.

वापरायचं असेल तर तयारी आधी करावी लागते, नेट गेल्यावर प्लेस्टोअर उघडत नाही. अँड्रॉइडवर अ‍ॅपची फाइल हातोहात देता येते, ब्रायरमध्ये तर फोनचाच हॉटस्पॉट करून शेजाऱ्याला अ‍ॅप द्यायची सोय आहे, आयफोनवर असं काही चालत नाही. आयफोनवर अ‍ॅप मागे गेलं की ब्लूटूथची हाक पण आखडते, दुसऱ्या कंपन्यांच्या फोनला ती दिसत नाही, म्हणून अ‍ॅप उघडं ठेवावं लागतं. अँड्रॉइड ६ ते ११ मध्ये ब्लूटूथने शोधायला लोकेशनची परवानगी मागतात ती फोन शोधण्यासाठीच, १२ पासून जवळच्या डिव्हाइसची वेगळी परवानगी आली. आणि ब्रायरमध्ये ऑफलाइन असताना नवीन माणूस जोडायचा तर समोरासमोर उभं राहून एकमेकांच्या स्क्रीनवरचा क्यूआर कोड स्कॅन करायचा, हे काम घरच्या, शेजारच्या आणि वाडीतल्या चार माणसांबरोबर पावसाळ्याआधी करून ठेवता येतं.