बांधकाम धारणाधिकार

बांधकाम धारणाधिकार : बांधकामाची मजुरी किंवा मालाची किंमत थकल्यास, ते श्रम व तो माल ज्या इमारतीत गेला त्या मिळकतीवरच बोजा चढवण्याचा कायदेशीर हक्क. अमेरिकेत तो ‘मेकॅनिक्स लिएन’ या नावाने ओळखला जातो. कॅनडातही तो आहे. मराठीत ‘धारणाधिकार’ हा शब्द सरकारी नोकरीतील मूळ पदावरच्या हक्कासाठीही रूढ आहे. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यातील बोजा ही कल्पना येथे अधिक जवळची.

उगमाबद्दल मतभेद आहेत. इंग्लंडच्या रूढ कायद्यात (न्यायनिवाड्यांतून घडलेल्या ‘कॉमन लॉ’त) कारागिराला ताब्यातील जंगम वस्तू अडवून ठेवता येई, पण जमिनीवर असा हक्क नव्हता आणि तेथे तो आजही नाही. त्यामुळे काही अभ्यासक त्याचे मूळ रोमन कायद्याच्या परंपरेत शोधतात. फ्रान्सच्या १८०४ च्या नागरी संहितेतही वास्तुकार व बांधकाम करणाऱ्यांना अग्रहक्क, म्हणजे इतर धनकोंआधी वसुलीचा हक्क, दिला होता. मात्र अमेरिकेतील पहिला कायदा तिच्याआधीचा असल्याने ती त्याचा उगम ठरू शकत नाही. सप्टेंबर १७९१ मध्ये अमेरिकेच्या नव्या राजधानीच्या, म्हणजे वॉशिंग्टनच्या, आयुक्तांची बैठक झाली. तिला पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले टॉमस जेफरसन व जेम्स मॅडिसन उपस्थित होते. त्याच वर्षी डिसेंबरात मेरीलँडच्या विधिमंडळाने वॉशिंग्टनमधील बांधकामांपुरता हा हक्क दिला. या हक्काचे जनकत्व सहसा जेफरसनकडे जाते. तरी मोकळ्या जमिनीवर शहर उभे करायचे, तर बांधणाऱ्यांना पैशांची हमी द्यायलाच हवी, ही स्थानिक गरज अधिक सयुक्तिक कारण वाटते. पेनसिल्व्हेनियात १८०३ मध्ये असा कायदा झाला.

नियम राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात हा हक्क राज्यघटनेतच आहे, पण तो तारखांवर जगतो. समजा, पोटकंत्राटदार असलेल्या फरशीवाल्याने १ मार्चला काम सुरू केले. त्याने २० दिवसांत मालक, मुख्य कंत्राटदार व कर्ज देणारी संस्था यांना प्राथमिक नोटीस द्यायची असते. उशीर झाल्यास नोटिशीआधीच्या २० दिवसांपलीकडचे काम संरक्षणाबाहेर जाते. एकूण बांधकाम १ जूनला संपले, तर हक्काची नोंद ९० दिवसांत, म्हणजे ३० ऑगस्टपर्यंत व्हायला हवी. मालकाने १० जूनला पूर्णत्वाची सूचना नोंदवली, तर फरशीवाल्याला ३० दिवस म्हणजे १० जुलैपर्यंतच मुदत उरते. मुख्य कंत्राटदाराला ६० दिवस मिळतात. नोंदीनंतर ९० दिवसांत दावा लावला नाही, तर बोजा अंमलात आणता येत नाही. मजुरीवर काम करणाऱ्या कामगाराला प्राथमिक नोटिशीची अट नाही, ही तरतूद न्याय्यच म्हटली पाहिजे.

मुख्य कंत्राटदाराला पूर्ण रक्कम चुकती केलेल्या मालकालाही पोटकंत्राटदाराचे देणे पुन्हा भरावे लागू शकते. म्हणून पैसे देताना हक्कसोडपत्र घेण्याची पद्धत पडली आहे.

सरकारी मिळकतीवर असा बोजा चढत नाही. अमेरिकेच्या संघीय कामांसाठी १९३५ च्या मिलर कायद्याने त्याऐवजी देयक-हमीपत्र, म्हणजे मजुरी व मालाचे पैसे चुकते होतील अशी हमी, आणले.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७० नुसार शिंपी कापड किंवा सोनार दागिना मजुरी मिळेपर्यंत अडवू शकतो. गवंड्याला बांधलेल्या भिंतीवर असा हक्क नाही. त्याला पैशाचा दावाच करावा लागतो आणि निकालाआधी मिळकत जप्त व्हावी असे वाटल्यास, मालक निकालाची अंमलबजावणी टाळण्यासाठी ती विकू पाहतो आहे हे न्यायालयाला पटवून द्यावे लागते.