काळा सोमवार, १९८७

काळा सोमवार, १९८७ : न्यूयॉर्क शेअरबाजारात १९ ऑक्टोबर १९८७ रोजी झालेली पडझड. त्या दिवशी डाऊ जोन्स औद्योगिक सरासरी (तीस बड्या अमेरिकी कंपन्यांच्या शेअरभावांचा निर्देशांक, थोडक्यात ‘डाऊ’) २२४६.७४ वरून १७३८.७४ वर आली. २२.६ टक्क्यांची ही घट त्या निर्देशांकाच्या इतिहासात एका दिवसातील सर्वांत मोठी मानली जाते. २८ ऑक्टोबर १९२९ ची घट १२.८ टक्के होती. तोही सोमवारच होता आणि त्यालाही हेच नाव असल्याने पुढे साल जोडण्याचा प्रघात पडला. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये तोवर तारीख उलटलेली असल्याने तेथे ‘काळा मंगळवार’ म्हणतात.

१९८७ च्या आरंभी डाऊ १९०० च्या आसपास होता. २५ ऑगस्टला तो २७२२.४२ या उच्चांकाला पोचला. त्याच काळात अमेरिकी सरकारच्या तीस वर्षे मुदतीच्या कर्जरोख्यांवरील उतारा (भावाच्या प्रमाणात मिळणारे वार्षिक उत्पन्न) साडेसात टक्क्यांच्या आसपासून ऑक्टोबरमध्ये दहा टक्क्यांच्या वर गेला, तर शेअरांवरील लाभांशाचा उतारा तीन टक्क्यांखाली घसरला होता. सुरक्षित रोखे आणि शेअर यांतील ही तफावत हा तेजी ताणली गेल्याचा सर्वांत बोलका निर्देशक होय. मात्र त्यावरून पडझडीचा दिवस सांगता आला असता, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तफावत महिनोन्‌महिने रुंदावत होती आणि भाव चढतच होते.

१४ ऑक्टोबरला व्यापारतुटीचा अपेक्षेपेक्षा मोठा आकडा जाहीर झाला. कंपन्या ताब्यात घेण्यासाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजावरील करसवलत आखडण्याचा प्रस्तावही त्याच आठवड्यात प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे होता. मिचेल व नेटर हे अभ्यासक त्याला विशेष महत्त्व देतात. बुधवार ते शुक्रवार बाजार रोज उतरला, शुक्रवारी १०८ अंशांनी. शनिवार-रविवारी अमेरिकेचे अर्थमंत्री जेम्स बेकर यांनी जर्मनीच्या व्याजदरवाढीवर जाहीर टीका केल्याने डॉलरविषयी साशंकता वाढली.

वादाचा मुख्य विषय ‘पोर्टफोलिओ विमा’ हा आहे. हेन लेलँड व मार्क रुबिनस्टाइन यांनी विकल्पांच्या (ठरलेल्या भावाने खरेदी वा विक्री करण्याचा हक्क देणाऱ्या करारांच्या) मूल्यनिर्धारणाच्या सिद्धांतावरून ही पद्धत विकसित केली. नाव विम्याचे असले, तरी यात विमा देणारा कोणीच नसतो. भाव उतरू लागले की सूत्राने ठरवून दिलेल्या प्रमाणात निर्देशांकाचे वायदे (पुढच्या तारखेचे, आज भाव ठरवलेले सौदे) विकायचे, आणखी उतरले की आणखी विकायचे, एवढीच ती रीत. एकट्यादुकट्याने वापरली तर ती चालते; सगळेच एका वेळी विकायला निघाले तर घेणारा कोण, हा प्रश्न सूत्रात नव्हता. या पडझडीची चौकशी करणाऱ्या ब्रॅडी आयोगाच्या अंदाजाने ६० ते ९० अब्ज डॉलरचे शेअर या पद्धतीखाली होते. त्या सोमवारी ही पद्धत वापरणाऱ्या एकाच गुंतवणूकदाराने प्रत्येकी १० कोटी डॉलरपेक्षा किंचित कमी अशा तेरा हप्त्यांत सुमारे १.१ अब्ज डॉलरची विक्री केल्याची नोंद आयोगाच्या अहवालात आहे.

विक्री शिकागोच्या वायदेबाजारात, तर शेअर न्यूयॉर्कमध्ये. वायदा रोख भावाखाली गेला की स्वस्त वायदा घेऊन महाग शेअर विकणारे आर्बिट्राज दलाल ही तफावत बुजवतात. त्या सकाळी मात्र मागणी-पुरवठा जुळेना, म्हणून अनेक बड्या कंपन्यांचे सौदे बराच वेळ उघडलेच नाहीत. निर्देशांकात त्यांचे शुक्रवारचेच भाव धरले जात राहिले. परिणामी वायदा दिसायला फार स्वस्त, पण ती स्वस्ताई काही अंशी शिळ्या भावांची होती. दिवसअखेर एस अँड पी ५०० हा पाचशे बड्या कंपन्यांचा निर्देशांक सुमारे २०, तर त्याचा वायदा सुमारे २९ टक्के उतरला होता. त्या दिवशी ६० कोटींहून अधिक शेअरांची उलाढाल झाली आणि सौद्यांचे भाव दाखवणारी भावपट्टी तासन्‌तास मागे पडली.

आयोगाने यांत्रिक विक्रीवर भर दिला. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड रोल यांनी २३ देशांच्या बाजारांची तुलना करून दाखवले, की असे विमे फारसे नव्हते तेथेही त्या महिन्यात मोठी पडझड झाली. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट शिलर यांच्या प्रश्नावलीला उत्तर देणाऱ्या गुंतवणूकदारांनी विशिष्ट बातमीपेक्षा खुद्द भावांच्या घसरणीचाच अधिक उल्लेख केला. ही मते एकत्र पाहता विमा हे घसरणीचा वेग वाढवणारे कारण मानणे अधिक सयुक्तिक वाटते. मूळ ठिणगी कोणती, यावर एकमत नाही.

हाँगकाँगचा बाजार मंगळवारपासून चार दिवस बंद ठेवला गेला आणि उघडताच ३३ टक्के कोसळला. लंडनमध्ये आदल्या शुक्रवारी वादळामुळे व्यवहार जेमतेम झाले होते.

२० ऑक्टोबरला बाजार उघडण्यापूर्वी फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनी रोकड पुरवण्याची तयारी एका वाक्याच्या निवेदनाने जाहीर केली. डाऊने १९८७ साल १९३८.८३ वर, म्हणजे वर्षारंभापेक्षा किंचित वरच संपवले. ऑगस्टचा उच्चांक पुन्हा गाठायला १९८९ उजाडले. १९८८ मध्ये ठरावीक घसरणीनंतर व्यवहार थांबवणारे ‘सर्किट ब्रेकर’ लागू झाले. निर्देशांकाच्या विकल्पबाजारात, बाजारभावापेक्षा बऱ्याच खालच्या भावाने विकण्याचा हक्क देणारे विकल्प मूल्यनिर्धारणाच्या सूत्राने निघणाऱ्या किमतीपेक्षा महाग राहू लागले, ते आजतागायत.