एमसीएचं पहिलं वर्ष कोणासाठी होतं?

एमसीए (मास्टर ऑफ कॉम्प्युटर अ‍ॅप्लिकेशन्स) ही पदवी मुळात कॉम्प्युटर न शिकलेल्या पदवीधरांसाठी काढली गेली, हे आज साताऱ्यात कुणाला सांगितलं तर पटकन खरं वाटत नाही. वर्गात बसलेली बहुतेक मुलं बीसीए किंवा बीसीएस या कॉम्प्युटरच्याच पदव्या करून आलेली असतात. बी.कॉम. किंवा बी.एस्सी. केमिस्ट्री झालेली मुलं प्रवेशाच्या चौकशीला येतात ती अंग चोरून. ‘आमचं फील्ड वेगळं आहे, चालेल का?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. त्याला नुसतं ‘चालेल’ म्हणून भागत नाही. ही वाट त्यांच्यासाठीच पाडली होती आणि ती पुढे अरुंद कशी होत गेली, हे त्यांना कळायला हवं.

कॉम्प्युटर हा विषय शिकवायची सुरुवातच दुसऱ्या विषयांच्या पदवीधरांपासून झाली. केंब्रिज विद्यापीठाने १९५३ साली एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा सुरू केला. तो या विषयातला जगातला पहिला अभ्यासक्रम मानला जातो. त्याला बसणारे गणित, भौतिकशास्त्र असं काही शिकून आलेले असत, कारण कॉम्प्युटरची पदवी तेव्हा कुठेच नव्हती. आपल्याकडेही तसंच घडलं. कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये १९५५ साली देशातला पहिला डिजिटल कॉम्प्युटर आला, मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेने स्वतः बांधलेला टिफ्रॅक १९६० साली चालू झाला, आयआयटी कानपूरमध्ये १९६३ साली आयबीएम १६२० बसला. या यंत्रांवर हात बसवणारी पहिली पिढी संख्याशास्त्र, गणित आणि इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगमधून आली होती.

कानपूरला त्या काळात शिकवणाऱ्यांमध्ये प्रा. व्ही. राजारामन होते. तेही इलेक्ट्रिकल शाखेतूनच आलेले. १९८०चं दशक सुरू होण्याच्या सुमारास इलेक्ट्रॉनिक्स कमिशनने देशाला लागणाऱ्या कॉम्प्युटर मनुष्यबळाचा विचार करायला त्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. बी.टेक.च्या जागा मोजक्या होत्या. शिवाय पगारपत्रक, मालसाठा, बँकेची खाती, विम्याचे हप्ते अशा रोजच्या कामांसाठी प्रोग्रॅम लिहिणारे लोक हवे होते, आणि त्यासाठी प्रत्येकाने इंजिनिअर असण्याची गरज नव्हती. गणिताची जाण असलेला बी.एस्सी. किंवा बी.कॉम. पदवीधर घ्यायचा, तीन वर्षं शिकवायचं, शेवटचं सत्र पूर्णवेळ एखाद्या कंपनीत प्रोजेक्टवर पाठवायचं, अशी एमसीएची आखणी त्यातून झाली. अभ्यासक्रमात प्रोग्रॅमिंगच्या जोडीला हिशेब, व्यवस्थापन, संख्याशास्त्र, सिस्टीम अ‍ॅनालिसिसही होतं. पहिलं वर्ष अगदी पाटी-पेन्सिलपासून सुरू व्हायचं, कारण समोर बसलेल्याने आयुष्यात कॉम्प्युटर पाहिलेला नसणार हे गृहीतच धरलेलं होतं.

सातारा-सांगलीच्या पट्ट्यात ही आखणी किती चपखल बसत होती, हे बघायला साखर कारखान्याच्या ऊसबिलाकडे बघावं. काट्यावर उसाचं वजन होतं, पावती फाटते, ती सभासदाच्या कोड नंबरवर चढते. पंधरवड्याचं टनेज एकत्र होतं, दराने गुणलं जातं. मग वजावटी सुरू होतात: सोसायटीची वसुली, उचल, ठेवीची कपात. उरलेली रक्कम बँकेत जमा व्हायची. गळीत हंगामात हजारो सभासदांचं हे गणित हातावर करताना अकाउंट खात्यात रात्रीचा दिवस व्हायचा. हे काम कॉम्प्युटरवर आणायचं तर प्रोग्रॅम येणारा माणूस हवा हे खरंच, पण सोसायटीची वसुली आधी का आणि ठेव नंतर का, हेही त्याला कळायला हवं. रयत शिक्षण संस्थेच्या कॉलेजांतून बाहेर पडलेल्या, घरात ऊसबिलाचा कागद पाहत वाढलेल्या बी.कॉम.च्या मुलाला ते आधीपासून ठाऊक असतं. बँकांच्या संगणकीकरणावरच्या १९८४च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांमध्ये खातेवहीच्या नोंदी करणारी, लेजर पोस्टिंगची यंत्रं आली, तिथेही गोष्ट हीच. १९९८मध्ये वारणेच्या खोऱ्यात कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावं कॉम्प्युटरने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला, तोही साखर कारखान्याच्या आधारानेच. दुसरा विषय शिकून आलेल्यांच्या हातात काहीतरी जास्तीचं असतं, असं मी म्हणतो ते यामुळे.

पण वाटेवर एक फाटक होतं, ते गणिताचं. एमसीएला बारावीला किंवा पदवीला गणित असावं लागे. हे फाटक आपल्याकडे कुठे लागायचं? अकरावी कॉमर्सच्या प्रवेश अर्जावर. तिथे ‘मॅथ्स की एस.पी.’ (म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस) असा पर्याय असतो. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, दहावीत गणिताने घाम फोडलेला, मैत्रिणी सगळ्या एस.पी. घेतायत, ती एस.पी.वर खूण करते. त्या खुणेने पुढे पाच वर्षांनी एमसीएचा रस्ता बंद होणार होता, हे तिला त्या खिडकीवर कुणीही सांगत नसे. सायन्सला डॉक्टरकीच्या आशेने गणित सोडणाऱ्या मुलांचं तेच. आर्ट्सला तर गणित घेणारं विरळाच. म्हणजे पदवी नावाला ‘इतरांसाठी’, आणि त्या इतरांपैकी कितीतरी जण दारातूनच परत. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा अन्याय हाच आहे, आणि त्यावर सर्वांत कमी बोललं गेलं.

गणित सुटलेल्यांसाठी बाजूच्या वाटा होत्या. पुणे विद्यापीठाचं एमसीएम (मास्टर ऑफ कॉम्प्युटर मॅनेजमेंट) कोणत्याही पदवीधराला घेता यायचं. १९९० साली सरकारची डोएक ही कॉम्प्युटर परीक्षांची योजना आली, तिच्या ओ, ए, बी, सी अशा पायऱ्या. ‘बी’ लेव्हल एमसीएच्या बरोबरीची धरली जाई. हीच संस्था पुढे २०११मध्ये नायलिट झाली. इग्नूचं एमसीए नोकरी सांभाळून करता यायचं. सी-डॅक या सरकारी कॉम्प्युटर संस्थेचे डिप्लोमा मात्र प्रामुख्याने इंजिनिअर आणि आधीच कॉम्प्युटर शिकलेल्यांसाठी. शिवाय शहरातल्या पेठांमधून खासगी क्लासचे फलक झळकू लागले, ते साताऱ्याने आणि सांगलीनेही पाहिले.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी वायटूकेच्या, म्हणजे २००० साल उजाडताना प्रोग्रॅममधल्या तारखा दुरुस्त करण्याच्या, कामाने मागणी इतकी वाढली की एमसीएला सोन्याचे दिवस आले. इकडच्या व्यवस्थापन संस्थांनी एमबीएच्या शेजारी एमसीए सुरू केलं. साताऱ्यात कर्मवीरांच्या नावाने रयतेची संस्था, सांगलीत भारती विद्यापीठाची. घर न सोडता, मेसचा खर्च न करता मास्टर्स करता येऊ लागलं, ही मुलींच्या दृष्टीने तर फार मोठी गोष्ट होती.

त्याच सुमारास पदवीच्या पातळीवर बीसीएस आणि बीसीए रुजले आणि चित्र पालटलं. आता कॉम्प्युटर शिकूनच पदवीधर होणारी मुलं एमसीएला येऊ लागली. त्यांना पहिलं वर्ष म्हणजे पुन्हा तेच ते वाटायचं, म्हणून त्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू लागला. इंजिनिअरिंगच्या जागाही भरमसाट वाढल्या. पालकांचं गणित साधं होतं: बी.ई. चार वर्षांत होतं, पदवी आणि एमसीए मिळून सहा वर्षं लागतात. मग एमसीएला कोण जाणार? जागा रिकाम्या राहू लागल्या, काही संस्थांनी अभ्यासक्रम बंद केले.

यावरचा उपाय म्हणून २०२०-२१पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने एमसीए दोन वर्षांचं केलं. सहाची पाच वर्षं झाली, एका वर्षाची फी वाचली, आणि बीसीए-बीसीएसच्या मुलांच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता. पण कापलं गेलेलं वर्ष कोणाचं होतं? बी.कॉम. आणि बी.एस्सी.वाल्यांचं. त्यांना पायापासून उभं करणारं तेच एक वर्ष होतं. नियमांत त्याची जागा ‘ब्रिज कोर्स’, म्हणजे पाया भरून काढणारा छोटा अभ्यासक्रम, या दोन शब्दांनी घेतली, आणि तो कसा घ्यायचा हे विद्यापीठांवर सोडलं.

एक गोष्ट मात्र चांगली झाली. पुढच्या नियमांत एआयसीटीईने कोणतीही पदवी चालेल असं म्हटलं. गणित असलं तर उत्तम, नसलं तर गणिताचा ब्रिज कोर्स सक्तीचा. किमान ५० टक्के गुण, राखीव प्रवर्गांना ४५. एस.पी. घेतलेल्या मुलीसाठी ते जुनं फाटक निदान कागदावर तरी उघडलं. प्रवेशाच्या वर्षीची सीईटी सेलची (राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा घेणाऱ्या कार्यालयाची) माहितीपुस्तिका मात्र शब्दन् शब्द वाचावी, ऐकीव माहितीवर जाऊ नये. सीईटीत गणित, तर्क, इंग्रजी यांच्याबरोबर कॉम्प्युटरच्या मूळ संकल्पनांवरही प्रश्न असतात: बायनरी आकडे, मेमरी, ऑपरेटिंग सिस्टीम. बाहेरून येणाऱ्याने सर्वांत आधी हाच भाग हातात घ्यावा. दोन-तीन महिने नेटाने केला तर तो आवाक्यात येतो. मुलींनी आणखी एक लक्षात ठेवावं. २०२४-२५पासून राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आर्थिकदृष्ट्या मागास, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गांतल्या, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. त्यासाठी प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच, व्हावा लागतो, म्हणून कॉलेजात थेट जागा घेण्याची घाई नको.

आता प्रश्न ब्रिज कोर्सचा. मुख्य तासांच्या आधी किंवा नंतर, शनिवारी, जमेल तसा उरकलेला ब्रिज कोर्स म्हणजे गेलेल्या वर्षाची भरपाई नव्हे. पहिल्याच सत्रात डेटा स्ट्रक्चर्स (माहिती मांडून ठेवण्याच्या रचना) सुरू होतात आणि बी.कॉम.ची मुलगी तेव्हा ‘फॉर लूप’ या प्रोग्रॅमिंगच्या प्राथमिक पायरीशी झगडत असते, शेजारच्या बीसीएसवाल्याने तीन वर्षं तेच केलेलं असतं. तिला लागतो वेळ, आणि लागतात लॅबचे तास. सीईटीचा निकाल आणि वर्ग सुरू होणं यांच्यात आपल्याकडे बरेच आठवडे मोकळे जातात. सातारा-सांगलीच्या संस्थांनी एकत्र येऊन त्या आठवड्यांत रोज सकाळी दोन तास गणित आणि दुपारी तीन तास प्रोग्रॅमिंग असा वर्ग चालवावा, समजावणं मराठीत असावं, आणि प्रवेश पक्का व्हायची वाट न बघता तो सर्वांना खुला ठेवावा. प्रवेश घेणाऱ्यांनीही कॉलेज निवडताना प्लेसमेंटचा आकडा विचारण्याआधी हे विचारावं: ब्रिज कोर्सचे तास किती, तो कोण शिकवतं, आणि गेल्या वर्षी बी.कॉम.मधून आलेल्यांपैकी किती जण पहिल्या सत्रात सगळ्या विषयांत पास झाले.