जॉनी कॅश तुरुंगात होता का?

अमेरिकी कंट्री गायक-गीतकार जॉनी कॅशने तुरुंगवास भोगला आणि तिथेच ‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’ हे गाणं लिहिलं, ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते. ती खरी नाही. अटक त्याला अनेकदा झाली, एखाददुसरी रात्र कोठडीतही गेली. 1965 मध्ये टेक्सासमधल्या एल पासोत तो नशेच्या गोळ्यांसह पकडला गेला, पण त्याची शिक्षा स्थगित झाली. कैदी म्हणून तो कधीच राहिला नाही.

गाणं सुचलं तेव्हा तो हवाई दलात, जर्मनीत होता. कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम तुरुंगावरचा एक चित्रपट त्याने तिथे पाहिला. 1955 मध्ये गाणं ध्वनिमुद्रित झालं; प्रत्यक्ष फॉल्सममधली प्रसिद्ध मैफल थेट 13 जानेवारी 1968 ची. त्या मैफलीच्या अल्बममध्ये, रिनो शहरात माणूस मारल्याच्या गाण्यातल्या ओळीवर जो जल्लोष ऐकू येतो, तोही नंतर जोडलेला आहे. कैदी तेव्हा गप्प होते!

मला यामुळे कॅश मुळीच खोटा वाटत नाही. ओव्या रचणाऱ्या बाईने प्रत्येक दुःख स्वतः सोसलेलं असतं थोडंच? शिवाय त्याची कैद्यांबद्दलची कळकळ गाण्यापुरती नव्हती: 1972 मध्ये तुरुंग सुधारणांसाठी त्याने सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष दिली.