चिलिका सरोवर : नावेत बसण्यापूर्वी थोडी माहिती

आमच्या पुरी-कोणार्क सहलीतील एक पूर्ण दिवस चिलिकासाठी राखलेला असतो. समुद्र पाहून झाल्यावर पुन्हा पाणीच कशाला पाहायचे, असे अनेक ग्राहक विचारतात, म्हणून ही माहिती.

चिलिका हे खाजण सरोवर आहे. वाळूच्या लांबच लांब दांड्याने ते बंगालच्या उपसागरापासून अलग केले असून महानदीच्या दया, भार्गवी यांसारख्या शाखा त्यात गोडे पाणी आणि गाळ आणतात, तर भरतीबरोबर समुद्रमुखातून, म्हणजे दांड्यातील समुद्राकडे उघडणाऱ्या वाटेतून, खारे पाणी आत शिरते. त्यामुळे पाण्याचा खारटपणा ऋतूनुसार बदलतो आणि विस्तारही. उन्हाळ्यात सुमारे ९०० चौरस किलोमीटर असणारे सरोवर पावसाळ्यात १,१०० च्या वर जाते. पावसाळ्यात बुडालेले नलबण बेट पाणी ओसरल्यावर वर येते आणि हिवाळी पक्षी तेथेच उतरतात.

या सरोवराचा जीव त्याच्या मुखात आहे. किनाऱ्यालगतचा प्रवाह वर्षातील बराच काळ ईशान्येकडे वाळू ढकलत असल्याने मुख सरकत जाते आणि आतला मार्ग लांबून उथळ होतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नेमके हेच झाले. त्यात नद्यांचा गाळ आणि कोळंबीसाठी जाळी व बांबू लावून अडवलेल्या घेऱ्यांची भर पडली. खारटपणा घटला, पाणवनस्पती माजल्या, मासळी रोडावली. महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रक्षणासाठीच्या रामसर या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत १९८१ मध्ये आलेले चिलिका १९९३ मध्ये त्याच कराराच्या धोक्यातील पाणथळ जागांच्या नोंदीत गेले. अखेर चिलिका विकास प्राधिकरणाने सप्टेंबर २००० मध्ये सिपाकुडाजवळ वाळूचा दांडा कापून नवे मुख उघडले. त्यामागील अभ्यासात आपल्या पुण्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राचाही सहभाग होता, हे आम्ही थोड्या अभिमानानेच सांगतो. खारे पाणी परतले, मासळी वाढली आणि २००२ मध्ये चिलिका त्या नोंदीतून बाहेर आले. अर्थात वाळू काही थांबलेली नाही. २०१९ च्या फनी चक्रीवादळाने तर दांडा फोडून आणखी मुखे पाडली.

सरोवरकाठच्या सातपाड्याहून निघणाऱ्या नावेचा मार्ग ठरवताना नावाडी पाण्याची खोली आणि भरती-ओहोटी पाहतात, त्यामुळे त्यात ऐनवेळी बदल होऊ शकतो. येथील इरावती डॉल्फिन उड्या मारत नाहीत, गोल डोके आणि पाठ क्षणभर दिसते. जादा बक्षिशी देऊन नाव त्यांच्या अंगावर नेण्याचा आग्रह कृपया धरू नये. नावेच्या इंजिनाच्या पंख्याची पाती त्यांना जखमी करतात. डॉल्फिन दिसलेच नाहीत, तर नौकाविहाराचे शुल्क परत मिळत नाही.