विश्रामबागवाड्यापासून गणेशखिंडीपर्यंत

दरवर्षी १० फेब्रुवारीला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा वर्धापनदिन असतो आणि त्या दिवशी जीवनसाधना गौरव पुरस्कार दिले जातात. पुढे पदवीदान होते, देणगीदारांच्या नावांची सुवर्णपदके विद्यार्थ्यांच्या गळ्यात पडतात. आता हे सारे ठरून गेल्यासारखे वाटते. पण विद्वानाचा मान कोणी करायचा, पैसा कुठून यायचा आणि मानाला पात्र कोण, या तीन प्रश्नांवर या पुण्यात आणि मुंबईत दोनशे वर्षे वाद झाला आहे. त्या वादाची सुरुवात विद्यापीठाच्या कितीतरी आधीची.

सेनापती खंडेराव दाभाडे तळेगावला श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देत. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे मारले गेले आणि ही प्रथा पेशव्यांनी पुण्यात चालवायला घेतली. शास्त्र्यांची परीक्षा होई, तिच्यात उतरलेल्यांना रोख रक्कम आणि शालजोडी मिळे. बाकीच्यांना पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात, म्हणजे भिंतींनी बंदिस्त आवारात, दक्षिणा वाटली जाई. म्हणजे परीक्षा, बिदागी आणि जाहीर मान ही तिन्ही अंगे त्या प्रथेत होतीच. दार मात्र एकाच जातीला उघडे होते.

पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने ही प्रथा एकदम मोडली नाही. रक्कम कमी करून वर्षाला पन्नास हजारांवर आणली आणि तिचा काही भाग शिक्षणाकडे वळवला. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. तिचेच पुढे पूना कॉलेज आणि मग डेक्कन कॉलेज झाले. येरवड्याच्या नव्या इमारतीला जमशेटजी जीजीभॉय यांची देणगी लागली. राजाश्रयाच्या जागी व्यापाऱ्याचा पैसा आला, तो असा.

१८४९ च्या सुमारास लोकहितवादी आणि त्यांच्या सोबत्यांनी अर्ज केला की दक्षिणा फंडातला पैसा मराठी ग्रंथांसाठी, जातीचा विचार न करता खर्च करावा. सनातन्यांचा राग अनावर झाला. तेव्हा जोतीराव फुले आपली माणसे घेऊन अर्जदारांच्या पाठीशी उभे राहिले. त्यातून ग्रंथांना बक्षिसे देणारी दक्षिणा प्राइझ कमिटी आली. आणि १८५५ मध्ये जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक त्याच कमिटीकडे पाठवले, तर ते नाकारले गेले. ज्यांच्यासाठी हा माणूस उभा राहिला, त्या फंडाने त्याच्या लिखाणाला जागा दिली नाही, हे वाचताना मला आजही वाईट वाटते.

याच्या तीनच वर्षे आधी, १६ नोव्हेंबर १८५२ रोजी, शिक्षणकार्याबद्दल सरकारतर्फे जोतीरावांना शालजोडी दिली गेली होती. समारंभ झाला तो विश्रामबागवाड्यात, जिथे आधी दक्षिणेच्या पैशातून पाठशाळा चालत होती. मुली आणि अस्पृश्य मानलेल्यांची मुले शिकवणाऱ्या माणसाच्या खांद्यावर त्या वाड्यात शाल पडावी, ही घटना आपल्या शैक्षणिक इतिहासात जितकी ठळक असायला हवी तितकी नाही.

१८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. नमुना लंडन विद्यापीठाचा : शिकवायचे कॉलेजांनी, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाने द्यायची. १८६२ मध्ये पहिले बी. ए. बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. रानडे आणि भांडारकर दोघेही दक्षिणा फेलो, म्हणजे दक्षिणा फंडातून वेतन मिळणारे अभ्यासक होते. म्हणजे दाभाड्यांच्या श्रावणी दक्षिणेचा झरा वळणे घेत मुंबईच्या पहिल्या पदवीधरांपर्यंत पोहोचला होता. भांडारकर पुढे १८९३ मध्ये याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

विद्यापीठाला तेव्हा स्वतःची इमारतही नव्हती. १८६३ मध्ये कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी एक लाख रुपये दिले. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबई न पाहता काढलेल्या आराखड्यावरून १८७४ मध्ये पदवीदानाचे सभागृह पूर्ण झाले. १८६४ मध्ये प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख दिले आणि आईच्या नावाने मनोरा बांधावा म्हणून आणखी दोन लाख. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचे भाव चढले होते, मुंबईत पैशाला पूर आला होता. १८६५ मध्ये युद्ध संपले, शेअर कोसळले आणि खुद्द प्रेमचंदांचे दिवाळे निघाले. पण दिलेले दान उभे राहिले. १८७८ मध्ये २८० फुटांचा राजाबाई टॉवर पुरा झाला.

इमारतींपेक्षाही खोल रुजली ती विद्यार्थ्यांची बक्षिसे. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मराठी घरांत नुसती ‘शंकरशेट’ म्हणून ओळखली जाते. ‘आमच्या आजोबांना शंकरशेट होती’ एवढे वाक्य पुरते. १९१२ मध्ये मॅट्रिकला पहिले आलेल्या चिंतामणराव देशमुखांनी ती मिळवली होती. नाना शंकरशेट १८६५ मध्ये गेले. गुणी मुलाच्या ओळखीतच दात्याचे नाव मिसळून जावे, असे स्मारक क्वचितच कोणाच्या वाट्याला येते.

मानाच्या या यादीत बायका मात्र उशिरा आल्या, आणि आल्या तेव्हाही हात आखडता राहिला. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजात पहिल्या आल्या. त्या गुणांवर इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांचीच होती. बाई म्हणून नाकारली गेली. मग इंग्लंडमधील हितचिंतकांनी वर्गणी काढली आणि त्या ऑक्सफर्डला गेल्या.

धोंडो केशव कर्वे १८८४ चे, मुंबई विद्यापीठाचेच पदवीधर. त्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठच काढले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला आईचे नाव लागले : श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. राजाबाई आणि नाथीबाई, दोघींची नावे मुलांच्या दानातून विद्येच्या दारावर आली. मात्र या विद्यापीठाला कायद्याची मान्यता मिळायला १९५१ साल उजाडले. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने अण्णांना, म्हणजे कर्व्यांना, डी. लिट. दिली. त्यांच्या स्वतःच्या मुंबई विद्यापीठाने १९५७ मध्ये एलएल. डी. दिली, तेव्हा अण्णा शंभरीला टेकले होते. मातृसंस्थेने इतकी वाट पाहायला नको होती असे मला प्रामाणिकपणे वाटते. माणूस हयात असताना झालेला गौरव त्याच्या कामाला बळ देतो.

पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झाले ते गव्हर्नरच्या गणेशखिंडीतील जुन्या बंगल्यात. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू, बारा जिल्ह्यांचा विस्तार. पहिल्या पिढीतले अनेक विद्यार्थी घरात पदवी म्हणजे काय हे न पाहिलेले. पदकांच्या यादीत ती आडनावे दिसू लागली, जी रमण्याच्या दाराशीही उभी राहू शकली नसती.

विश्रामबागवाड्यातली शालजोडी जोतीरावांना मिळाली होती. वर्गात उभ्या राहून शिकवणाऱ्या सावित्रीबाईंचे नाव २०१४ मध्ये विद्यापीठाला दिले गेले, आणि तेव्हापासून तिथल्या प्रत्येक पदवीवर ते असते.